न घेतलेली किक

जानेफळ, ता. मेहकर
१८ जून २०२४

श्री. राजकुमार तांगडे यांस,
भागवत आखाडे याचा नमस्कार.

परवा रविवारी सकाळी मारुतीला पाणी घातलं आणि घराकडे न वळता तसाच मैदानावर गेलो. पिशवीत पेचकस होता. खेळाडूंच्या नव्या खोलीच्या दर्शनी भिंतीवर शनिवारी तुमच्या नावाची पाटी लागली होती. चकचकीत ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर फुटबॉलचं चित्र. ती मी काढली. एक स्क्रू वाकडा बसला होता, त्याला वेळ लागला. दगडाला ओरखडा येऊ दिला नाही. घरी आणून गोणपाटात गुंडाळली आणि बियाण्याच्या पोत्यांमागे उभी करून ठेवली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून टपालाने.

मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. त्या मानाच्या भिंतीवर कोणाची नावं लागावीत हे ठरवायला तिघांना नेमलं आहे: शाळेत खेळ शिकवणारे नौमान सर, मुलींचा संघ चालवणाऱ्या कोकिळाताई आणि मी. नियम गावासमोर वाचून दाखवला होता. माणसाचं मैदानातलं बघायचं आणि मैदान सोडल्यानंतरचंही बघायचं, दोन्ही मिळून एक पाटी. तिघांचं एकमत झालं तरच. तुमच्या नावाला ते दोघं हो म्हणाले, मी नाही म्हणालो. किसनराव मंडळाचे अध्यक्ष असले तरी परस्पर पाटी लावायचा त्यांना अधिकार नाही.

तुमच्या खेळाबद्दल माझी तक्रार नाही. लेफ्ट बॅकला उभा राहून मी तो वर्षानुवर्षं पाठीमागून पाहिला आहे. ओल्या मुरमावर जिथे आमचे पाय घसरायचे, तिथे बॉल तुमच्या डाव्या पायाला चिकटून राहायचा. खामगावच्या संघाविरुद्ध तुम्ही मधल्या रेषेपासून एकटे निघालात, गोलकीपरला खाली बसवलंत आणि बॉल नुसता ढकललात. बैलगाड्यांवर उभी असलेली म्हातारी माणसं टोप्या उडवत होती. असा खेळाडू या गावात झाला नाही. हे मी कोणासमोरही सांगेन.

पण नंतर?

नऊ वर्षांपूर्वी करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याच मैदानावर, आपल्याच गावाविरुद्ध, तुम्ही लोणारचे कोच म्हणून उभे होतात. आपल्याला हरवलंत. तेही एक वेळ सोडून देऊ. त्या दिवशी कय्यूम पिंजाऱ्याची निरोपाची किक होती. तुम्ही विसरला असाल म्हणून लिहितो. गावाचा खेळाडू थांबतो, तेव्हा करीचा सामना संपल्यावर समोरच्या संघाचा कोच स्वतःच्या हाताने त्याला बॉल देतो. त्यांचा गोलकीपर हात जोडून बाजूला होतो आणि थांबणारा माणूस मोकळ्या गोलात शेवटची किक मारतो. मग गुलाल. मग तो तिथेच बूट सोडतो, अनवाणी घरी जातो आणि पुन्हा गावासाठी बूट घालत नाही. मंडळ निघालं तेव्हापासूनची ही रीत आहे.

कय्यूम पंचवीस वर्षं आपल्या गोलात उभा राहिला. गुलालाचं ताट माझ्या हातात होतं. बँड आला होता. तुम्ही बॉल उचललात, बगलेत मारलात आणि लोणारच्या जीपमध्ये जाऊन बसलात. कय्यूम मैदानाच्या मध्ये तसाच उभा. पुढच्या वैशाखात तो गेला. किक न घेता गेला.

त्याची पाटी एकमताने ठरली आहे. तिच्या शेजारी तुमची लावायला माझा हात धजत नाही. आपला दगड घेऊन जावा.

भागवत आखाडे


संग्रामपूर
२७ जून २०२४

भागवत,

तू मले ‘तुम्ही’ कवापासून म्हणायला लागला बे? पाकीट फोडलं तर आधी वाटलं तहसीलची नोटीस आली. एका गल्लीत वाढलो, एका हापशावर आंघोळी केल्या, अन् आता ‘यांस’!

पाटी लाव असं मी किसनरावला सांगितलं नव्हतं. पण लावली होती तर लावली होती. सकाळी देवाला पाणी घालून मग पेचकस घेऊन निघणारा पंच मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मारुतीला सांगून गेला होतास का, की त्याच्यापासूनही लपवलं?

भिंत कशाची आहे? फुटबॉलची ना? मग फुटबॉल बघ. मैदानातलं मोजता येतं. बॉल आत गेला तर गेला, नाही तर नाही. बाहेर कोण कसा वागला हे कोण मोजणार, तू? पोळ्याला बैल सजवतोस तेव्हा त्याने मागच्या उन्हाळ्यात कोणाला शिंग मारलं होतं ते विचारतोस का? झूल घालतोस, पुरणपोळी चारतोस, पाया पडतोस.

आणि ‘नंतरचं’ बघायचंच असेल तर अख्खं बघ. आठ वर्षं मी जानेफळच्या पोरांना शिकवलं, त्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. आधी सगळे बॉलकडे बघत पळायचे, बकऱ्या चाऱ्याकडे पळतात तसे. मान वर करून खेळायला कोणी शिकवलं? पास देण्याआधी आपला माणूस कुठे आहे ते बघ, हे कोणी सांगितलं? ते तुझ्या तराजूत बसलं नाही. लोणार तेवढं बसलं.

लोणारला मी हौसेने गेलो नव्हतो. बदली झाली. संध्याकाळी खोलीवर जाताना माळावर पोरं शिवलेला बॉल लाथाडताना दिसायची. मी काय तोंड फिरवून भाजी आणायला जायचं होतं? मैदानावरून येताना माझे पाय आपोआप थांबतात, त्याला मी काय करू? गावाची हद्द पायांना कळत नाही.

खरं सांगू? मेहकरच्या फायनलले मी तुले बाहेर बसवलं होतं, त्याचा कढ हाय हा. तुहा घोटा सुजला होता अन् तू कबूल करत नव्हता. वीस वर्षं तू त्याच बाकावर बसून राह्यला. आता बसल्या बसल्या पंच झाला.

कय्यूमबद्दल मी काही लिहिणार नाही.

पाटी जिथून काढली तिथे लाव.

राजकुमार


जानेफळ
८ जुलै २०२४

श्री. राजकुमार तांगडे यांस,

‘तू’ हा शब्द जवळच्या माणसासाठी असतो, म्हणून मी तो वापरला नाही.

कढ आहे. नाकारत नाही. घोटा सुजला होता हेही खरं. पण कढ आहे हे मला माहीत असल्यामुळेच मी लगेच नाही म्हणालो नव्हतो. मारुतीसमोर पुष्कळ दिवस बसलो. स्वतःला विचारलं, मला त्या फायनलला खेळवलं असतं तर आज मी काय म्हणालो असतो? उत्तर तेच आलं. तुम्हाला पटणार नाही, पण तुम्हाला पटावं म्हणून मी बसलो नव्हतो.

बैलाचं तुम्ही बरोबर लिहिलंत. पण बैल कोच होत नाही. खेळणारा माणूस स्वतःच्या पायांनी खेळतो. त्याची चूक त्याच्या पायांची, त्याचं यशही त्याच्या पायांचं. मैदानाबाहेर आला की तो दुसऱ्यांच्या पायांनी खेळायला लागतो. तिथे त्याच्या हातात बॉल नसतो, माणसं असतात. म्हणून मला ते दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा जड वाटतं. आठ वर्षं तुम्ही आपल्या पोरांना शिकवलं, ते मी धरलं आहे. कोकिळाताईंनी तेच सांगून मला समजावलं होतं. लोणारलाही शिकवलं, तेही एक वेळ धरेन. पण कय्यूमच्या हातात तुम्हाला एक बॉल द्यायचा होता. एवढंच काम होतं.

त्यानंतरचं वर्ष तुम्ही पाहिलं नाही, मी पाहिलं. तो रोज संध्याकाळी मैदानावर यायचा. स्वतः पिंजलेला कापूस भरून शिवलेले पॅड गुडघ्यांना बांधायचा आणि गोलात उभा राहायचा. लहानसहान पोरांना म्हणायचा, “मार बे जोरात, भीतो काय?” आणि मुरमावर अंग झोकून द्यायचा. कोपरं सोललेली. लोक म्हणायचे, किक मिळाली नाही म्हणून याचा जीव इथे अडकला. मला बघवायचं नाही. मी देवळामागच्या वाटेने घरी जायला लागलो.

तो गेला तेव्हा तुम्ही मयतीला आला नाहीत. अख्खा तालुका आला होता. लोणारची पोरं आली होती, ट्रॅक्टरमध्ये बसून. त्यांचा कोच नव्हता.

एक ओळ लिहा. बॉल का नेला? पटण्यासारखं कारण असेल तर मीच पेचकस घेऊन परत जाईन आणि तुमचा दगड होता तिथे लावीन. करीला भिंतीचं उद्घाटन आहे. तोपर्यंत वेळ आहे.

भागवत आखाडे


संग्रामपूर
१५ जुलै २०२४

भागवत,

कारण मागायचा तुले अधिकार नाही.

मी एकाला शब्द दिला होता. ज्याला दिला तो आता सोडवायला नाही, म्हणून तो तसाच राहील. तुझ्या भिंतीसाठी मोडणार नाही. नऊ वर्षं तुमच्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, आणखी खाईन. सवय आहे.

फारच खाज असेल तर लोणारला जा. चांदबीभाभी तिथे पोरीकडे, मुबीनाकडे राहते. तिला विचार. कय्यूम गेल्यापासून एकदा तरी गेलास का तिच्या दारात? गुलालाचं ताट धरायला पुढे, अन् बाईच्या घरी चहा प्यायला मागे! मला मयतीचं विचारतोस, स्वतःला ईदचं विचार.

दगडाचं म्हणशील तर तो तुह्या म्हशीच्या गव्हाणीले लाव. चकचकीत हाय, म्हैस तोंड पाहीन.

राजकुमार


जानेफळ
१२ ऑगस्ट २०२४

राजकुमार तांगडे यांस,

पावसाने उघडीप दिली नाही, नंतर फवारणी आली, म्हणून उशीर झाला. हे खरं कारण नाही. जायला पाय उचलत नव्हता. गेल्या गुरुवारी एसटीने लोणारला गेलो.

मुबीनाचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला आहे. पुढच्या खोलीत तिची शिलाई मशीन, आत चांदबीभाभी गोधडीला टाके घालत बसली होती. मी दारात उभा राहिलो.

“कोण हाय?”

“मी भागवत, जानेफळचा.”

तिने चष्मा वर केला. “गुलालवाला का?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मुबीनाने पाणी दिलं. मी विचारलं, भाभी, राजकुमारने त्या दिवशी बॉल का नेला? ती टाके घालतच राहिली. मग म्हणाली, “आता इचारून राह्यले तुमी? तवा काऊन नाही इचारलं?”

“विचारलं होतं. त्याने सांगितलं नाही.”

“राजूभाऊले नाही. त्याहिले. माह्या मालकाले. तुमी लोकायनं त्याहिले इचारलं होतं का?”

मी म्हणालो, काय विचारायचं होतं?

“आयका. किसनराव म्हणे, कय्यूमचे गुडघे गेले, आता मान करू. तुमी म्हणे, बँड सांगू. कोणी हार आणला, कोणी फेटा. ज्याचा मान त्यालेच कोणी इचारलं नाही, का बावा, तुले थांबायचं हाय का? गावानं एवढं केलं, मंग नाही कसं म्हणतीन ते? करीच्या सकाळी फाट्यावर जाऊन उभे राह्यले. लोणारची जीप अडवली. राजूभाऊले खाली उतरवलं अन् म्हणे, राजू, ती किक मारली का मी मेलो. मले अजून खेळायचं हाय. तू बॉल देऊच नको. राजूभाऊ म्हणे, अबे, गाव मले जित्ता सोडन का? त हे म्हणे, तुले तसेबी शिव्याच देतेत, अजून दोन खाय.”

हे सांगून ती हसली. चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसली. मुबीनाही मशीन थांबवून हसत होती. त्या घरात ही गोष्ट नऊ वर्षं हसण्यावारी सांगितली जात होती आणि आमच्या गावात तिच्यावर नऊ वर्षं शिव्या चालल्या होत्या.

मी म्हणालो, भाभी, तुम्ही मला एका शब्दाने तरी सांगायचं होतं.

“ते म्हणे कोणाले सांगू नको, गावाले वाईट वाटन. अन् ते साल किती खुशीत गेलं त्याहिचं! रोज कोपरं फोडून येत. मी तेल लावत बसू, अन् हे आपले हसत. म्हणत, आज किसनरावच्या नातवाच्या दोन किका अडवल्या.”

तेव्हा मला देवळामागची ती वाट आठवली. मी ज्याला दुःख समजून तोंड फिरवत होतो, तो सराव होता.

निघताना तुमच्याबद्दल विचारलं. तेही तिच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे माझ्यावर आळ नको. “राजूभाऊनं शब्द पाळला, खरं हाय. पण लई मोठा माणूस हाय असंबी नाही. मयतीले आला नाही, नंतर एक फोन नाही. याच गावात नोकरीले होता, या गल्लीतून मोटरसायकल नेत होता, पण खाली मान घालून. गावाले भ्याला म्हणे. मी काय गाव हावो का?”

मी तिला सांगितलं की कय्यूमची पाटी ठरली आहे, तीवर ‘गोलरक्षक, १९९० ते २०१५’ असं येणार आहे. तिने टाका अर्धवट ठेवला आणि विचारलं, “किक घेतली नाही, त मंग थांबले कवा?”

तो प्रश्न घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो.

बॉलच्या बाबतीत मी तुमच्यावर केलेला आरोप चुकीचा होता. तो मागे घेतो. मयतीचा मागे घेत नाही. तुमच्या नावाचं आता पुन्हा वजन करावं लागेल. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर कळवा.

भागवत


संग्रामपूर
२० ऑगस्ट २०२४

भागवत,

भाभीने सांगितलं तर सांगितलं. तिचा हक्क आहे. पण आता हे गावभर करू नकोस. कय्यूमला नको होतं.

तो बॉल कुठे आहे, असं तुझ्या मनात आलं असेल. कपाटात जपून ठेवलेला नाही. लोणारच्या पोरांनी खेळून फाडला. बॉल त्यासाठीच असतो.

मयतीला आलो नाही. याला कारण नाही. मुबीनाच्या नवऱ्याचा फोन आला होता, गाडीत पेट्रोल होतं, साहेबाने सुट्टीही दिली असती. मैदानात मी कोणाले भ्यायलो नाही, पण तुमच्या गावाच्या तोंडाले भ्यायलो. जनाजा खांद्यावर घेतला असता तर कोणीतरी म्हटलं असतं, आता आला का बॉल घेऊन. ते ऐकायची हिंमत नव्हती. नंतर दिवस गेले तसं जाणं अवघड होत गेलं. भाभीच्या गल्लीतून मी रोज जायचो, आणि रोज वाटायचं, उद्या थांबू. तुझ्या तराजूत हे कसं बसतं ते तूच बघ. तू माझ्यासारखा नाहीस, तू देवाचा माणूस आहेस. तूही देवळामागून जात होतास म्हणे.

आता पाटीचं. मी तुझ्यापुढे हात पसरणार नाही. पण लावणार असशील तर एक ऐक. त्यावर ‘खेळाडू’ एवढंच लिही. लोणार लिहू नकोस. किसनरावने करून आणलेल्या दगडावरही लोणार नव्हतं, तो तेवढा शहाणा आहे. तुझ्या गावात लोणारचं नाव माझ्या नावापुढे लागलं तर लोक त्यावर थुंकतील, आणि ते थुंकणं माझ्यावर नाही, त्या पोरांवर पडेल. त्यांनी काय केलंय?

तुझा कढ तुझ्यापाशी ठेव. माझा माझ्यापाशी आहे. करीला मी येणार नाही.

राजकुमार


जानेफळ
५ सप्टेंबर २०२४

राजूभाऊ,

तू सांगितलं तसं मी केलं नाही. आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना आशा धरणार नाहीस.

पोळ्याच्या आधी तिघांची बैठक झाली. किसनराव बोलावलं नसताना आले आणि दारात खुर्ची टाकून बसले. मी म्हणालो, राजकुमारच्या नावाला माझा होकार आहे, पण पाटी नवी करायची, तीवर लोणार लिहायचं. किसनराव खुर्चीवरून उठलेच.

“लोणारचं नाव आपल्या भिंतीवर? येड लागलं काय बे? लोकं थुंकतीन!”

“थुंकले तर मी पुसीन.”

“अबे, त्यानं आपल्याले हरवलं!”

“हरवलं म्हणूनच लिहायचं, काका. आपल्याले हरवणारा संघ त्यानं उभा केला. आपण हरलो ते काय फुकट हरलो का?”

कोकिळाताई म्हणाल्या, “माझ्या पोरी लोणारच्या पोरींकडून दोनदा हारल्या. त्यांच्या पोरी बॉलकडे बघत नाहीत, मान वर करून खेळतात. मी विचारत होते, यांना हे कोणी शिकवलं? त्यांच्या कोचला विचारलं, तर ती म्हणाली, माझ्या भावाले राजू सरनं शिकवलं, भावानं मले.” मग नौमान सरांनी मान हलवली. एकमत झालं. किसनराव उद्घाटनाला आले नाहीत. त्यांचा ग्रॅनाइटचा दगड मी त्यांच्या ओट्यावर पोचवला. त्यांनी तो उलटा करून ठेवला आहे.

तुझं म्हणणं मी नीट वाचलं. लोणार गाळलं तर थुंकणं टळेल, हे खरं. पण मग तुझं अर्धं आयुष्य भिंतीबाहेर राहील आणि मी तेवढ्याच अर्ध्याला हार घातल्यासारखं होईल. तू पहिल्या पत्रात म्हणालास, नंतरचं बघायचं तर अख्खं बघ. मी अख्खं बघितलं. आता तुला अर्धं हवं असेल तरी इलाज नाही. पाट्या आपल्याच काळ्या दगडाच्या, मेहकरच्या पाथरवटाकडून करून घेतल्या. सोनेरी काही नाही. ‘राजकुमार तांगडे. खेळाडू, जानेफळ. प्रशिक्षक, जानेफळ आणि लोणार.’

मयतीचं त्यावर नाही. ते दगडाचं काम नाही. ते तुझं आणि चांदबीभाभीचं आहे, आणि तिचं घर तुला माहीत आहे. मी तुला माफ केलं असं समजू नकोस. माफ करणारा मी नव्हेच. आणि मी देवळामागून जात होतो, हे तू काढलंस ते मला लागलं. लागावं म्हणूनच तू लिहिलंस, ते लागलं.

फाट्यावरची गोष्ट मी गावात सांगितली नाही. म्हणून आजही लोक तुला शिव्याच देतात आणि मला विचारतात, भागवत, तुले काय झालं? मी सांगतो, वजन केलं. ते म्हणतात, तराजूतलं बाट खोटं हाय तुह्यं. ऐकून घेतो.

कय्यूमच्या पाटीवर पाथरवटाने १९९० कोरलं आणि पुढे ‘ते’ कोरायला छिन्नी लावली, तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हणालो, इथे ‘पासून’ लिही आणि थांब. तो म्हणाला, “अर्धवट दिसन ना भाऊ, लोकं म्हणतीन कारागिराले साल माहीत नव्हतं.” मी म्हणालो, दिसू दे.

करीला चांदबीभाभी आली होती, मुबीनाला घेऊन. तिने पाटीवर बोट फिरवलं, ‘पासून’ वर थांबली, आणि पदराने दगडावरची धूळ झाडली. बाजूला तुझी पाटी होती, ती मुबीनाने तिला वाचून दाखवली. भाभी म्हणाली, “आला नाही ना तो?” मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “येईन तो मंग.” हे शाप म्हणून म्हणाली की आशीर्वाद म्हणून, मला कळलं नाही. तू ठरव.

काल सकाळी मारुतीला पाणी घालून मैदानावर गेलो तर तुझ्या पाटीवर कोणीतरी शेण फासलं होतं, बरोबर लोणारच्या अक्षरांवर. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, त्याने धुतलं. आज पुन्हा फासलं होतं, आज जास्तीचं पाणी नेलं होतं. उद्याही नेईन.

तुला, किसनरावांना, आणि उद्या माझं मन फिरलं तर मलाही कळावं म्हणून लिहून ठेवतो. या वेळी स्क्रू वापरले नाहीत. दोन्ही पाट्या शेजारी शेजारी, भिंत खोदून, सिमेंटमध्ये बसवल्या आहेत. आता पेचकस चालत नाही.

भागवत